उत्पन्न कोणाचं आणि कधीचं? : विद्यार्थी कर्जाच्या एका प्रयोगाचा इतिहास



दरवर्षी जून-जुलै आला की आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर आणि सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. प्रवेशाचे दिवस असतात आणि प्रत्येकाला एकच कागद हवा असतो : उत्पन्नाचा दाखला. फी माफ होणार का, शिष्यवृत्ती मिळणार का, हे त्या कागदावर ठरतं. आता तो कागद नीट पाहा. त्यावर उत्पन्न कोणाचं असतं? शिकणाऱ्या मुलीचं नसतं, तिच्या कुटुंबाचं असतं, म्हणजे बहुतेक वेळा वडिलांचं. आणि कधीचं असतं? सरून गेलेल्या वर्षाचं.

आज मी ज्या प्रयोगाचा इतिहास सांगणार आहे, त्यात हे दोन्ही प्रश्न उलटे केले गेले. वडिलांचं उत्पन्न बघायचंच नाही, विद्यार्थ्याचं स्वतःचं बघायचं. आणि गेल्या वर्षाचं बघायचं नाही, शिकून झाल्यावर पुढे जे मिळेल ते बघायचं. मिळालं तर पैसे भर, नाही मिळालं तर भरू नकोस. हा प्रयोग देशव्यापी पातळीवर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात झाला, १९८९ साली. पुढे न्यूझीलंड, इंग्लंड अशा अनेक देशांनी तो आपापल्या पद्धतीने उचलला. त्याचं काय झालं, त्यातून काय साधलं आणि काय बिघडलं, हे बघू. पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल, आणि ती पुण्यातून करावी लागेल.

जुना प्रश्न : खर्च कोणाचा, लाभ कोणाला?

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग आला तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे एक निवेदन सादर केलं. त्यातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या घामातून येतो. आणि शिक्षणावर जे खर्च होतं, त्यातला मोठा वाटा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. ज्याने कर भरला त्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही नाही. हा अन्याय आहे, असं ते म्हणाले.

इथे एक गोष्ट बरेचदा सुटते. एवढं म्हणून फुले, ‘मग सरकारने कॉलेजातून अंग काढून घ्यावं’ असं म्हणाले नाहीत. उलट, सरकारने माघार घेतली तर शिक्षणाच्या प्रसाराला खीळ बसेल, असा इशारा त्यांनी त्याच निवेदनात दिला. शिष्यवृत्त्या अशा द्या की ज्या वर्गांत शिक्षण पोचलंच नाही त्यांनाही त्या मिळतील, हीसुद्धा त्यांची मागणी होती. म्हणजे दोन गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या : ‘हा खर्च गरिबाच्या पैशातून श्रीमंतासाठी होतोय’ आणि ‘तरीही सरकारने हात झटकू नयेत’. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभर जो वाद झाला, त्यात बहुतेकांनी यातलं एकच टोक धरलं. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी फुले वाचले होते असं माझं म्हणणं नाही. पण प्रश्न तोच होता, आणि त्यांनी दोन्ही टोकं धरून ठेवायचा प्रयत्न केला. म्हणून तो प्रयोग बघण्यासारखा आहे.

बँक कर्ज का देत नाही?

आता कर्जाकडे येऊ. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, त्यावर बोजा चढवून बँक कर्ज देते. दुकानदाराकडे माल असतो. विद्यार्थ्याकडे काय असतं? डोकं असतं, आणि डोकं गहाण ठेवता येत नाही. उद्या तो हप्ते भरू शकला नाही तर बँक त्याची पदवी जप्त करून दुसऱ्याला विकू शकत नाही. त्यामुळे बँक एकतर कर्ज देत नाही, किंवा तारण मागते, म्हणजे पुन्हा वडिलांच्याच दाराशी येते. ज्याच्या वडिलांकडे काही नाही त्याची वाट तिथेच बंद होते.

ही अडचण अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ सालच्या एका निबंधात मांडली. त्यांनी सुचवलेला उपाय असा : शिक्षणासाठी पैसे देणाऱ्याने, कंपनीत शेअर घेतो तसा, विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईत वाटा घ्यावा. कमाई जास्त झाली तर वाटा जास्त, कमी झाली तर कमी. पण अशा करारात माणसाची कमाईच दुसऱ्याच्या मालकीची होते, म्हणजे एका परीने ती अंशतः गुलामीच, असं लोकांना वाटेल, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं.

आपल्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो ती पुढच्या हंगामातल्या श्रमावर. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामात जाते, आणि तो माणूस त्या बाकीने बांधला जातो. त्यामुळे भविष्याच्या कमाईवर आज पैसे घेणं यात धोका आहेच. खरा प्रश्न आहे तो अटींचा : कमाई झालीच नाही तर काय? बाकी किती वर्षं चालणार? आणि माणूस गेला तर ती कोणावर जाणार?

फ्रीडमन यांच्या कल्पनेच्या वळणाचा एक प्रयोग अमेरिकेत येल विद्यापीठाने १९७१ साली केला. त्याच्या आखणीत पुढे नोबेल मिळालेले जेम्स टोबिन यांचा हात होता. घेतलेल्या दर १००० डॉलरमागे विद्यार्थ्याने दरवर्षी आपल्या उत्पन्नाच्या ०.४ टक्के द्यायचे. किती वर्षं? तर त्या तुकडीचं सगळं कर्ज मिळून फिटेपर्यंत, जास्तीत जास्त ३५ वर्षं. म्हणजे एकाने बुडवलं की ते इतरांनी भरायचं. दीडपट रक्कम भरून यातून बाहेर पडायची सोय होती. व्हायचं तेच झालं. ज्यांना भरपूर पगार मिळाले ते पैसे भरून मोकळे झाले. काहींनी भरणंच सोडलं. मधले जे प्रामाणिकपणे भरत राहिले त्यांच्यावर सगळा भार आला, आणि वीस-पंचवीस वर्षं भरूनही कर्ज संपेना. १९७८ साली नवी कर्जं देणं बंद झालं आणि शेवटी विद्यापीठालाच उरलेली बाकी सोडून द्यावी लागली.

येलच्या प्रयोगातून दोन धडे मिळाले. एक, कोणाला किती उत्पन्न आहे हे विद्यापीठाला कळत नाही आणि वसूल करता येत नाही. ते फक्त कर खात्याला येतं. दोन, बुडणाऱ्याचा भार सहकारी विद्यार्थ्यांवर टाकला तर योजना मोडते. तो भार सगळ्या समाजाने उचलायला हवा. हे दोन धडे लक्षात ठेवा, म्हणजे ऑस्ट्रेलियाने काय केलं ते लगेच समजेल.

मोफत शिक्षणापासून माघार

ऑस्ट्रेलियात गॉफ व्हिटलम यांच्या लेबर पक्षाच्या सरकारने १९७४ पासून विद्यापीठातली फी रद्द केली आणि खर्चाची सगळी जबाबदारी केंद्राने घेतली. लेबर पक्षाच्या लोकांसाठी ही अभिमानाची गोष्ट होती, आजही आहे. वय वाढलेल्या अनेक जणांना, विशेषतः संसारात पडलेल्या बायकांना, त्यामुळे परत शिकता आलं. पण एक अपेक्षा पुरी झाली नाही. कामगारांची मुलं मोठ्या संख्येने विद्यापीठात येतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. कारणं दोन. एक तर बऱ्याच विद्यार्थ्यांना आधीपासूनच शिष्यवृत्त्या होत्या, ते फी भरतच नव्हते. आणि दुसरं, गाळणी विद्यापीठाच्या दारात नव्हतीच, ती शाळेत होती. १९८० च्या सुमारास तिथली साधारण एक तृतीयांश मुलंच बारावीपर्यंत टिकत होती. जो बारावीला पोचतच नाही त्याला बी.ए.ची फी माफ आहे की नाही याने काय फरक पडतो?

१९८३ साली बॉब हॉक यांचं लेबर सरकार आलं. त्या दशकात शाळेत टिकणाऱ्या मुलांचं प्रमाण झपाट्याने वाढलं. ही मुलं आता विद्यापीठाच्या दारात उभी राहिली आणि आत जागा नव्हत्या. जागा वाढवायच्या तर पैसा हवा, आणि सरकार तर खर्च कमी करायच्या मागे होतं. मंत्रिमंडळात दोन तट पडले. अर्थव्यवहार मंत्री पीटर वॉल्श हे गव्हाचे शेतकरी होते. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं : ज्या कामगाराची मुलं विद्यापीठात जात नाहीत, त्याच्या करातून डॉक्टर-वकिलांच्या मुलांना फुकट शिकवणं याला समाजवाद म्हणायचं का? शिक्षणमंत्री सुझन रायन फीच्या विरोधात होत्या. फी लावली की पहिली गरिबाची मुलगीच घरी बसेल, हे त्यांना दिसत होतं.

गंमत बघा, दोघांचंही बरोबर होतं. फुल्यांनी एकत्र धरलेल्या दोन गोष्टींपैकी एकेक दोघांच्या हातात होती.

विद्यार्थ्यांचा युक्तिवादही हलका नव्हता. ते म्हणत : पदवीधर जास्त कमावतो हे खरं, पण मग तो प्राप्तिकरही जास्त भरतो. श्रीमंताकडून घ्यायचं तर करातून घ्या, शिक्षणावर किंमत कशाला लावता? हा मुद्दा आजही कोणी पूर्ण खोडून काढलेला नाही.

१९८७ मध्ये २५० डॉलरचं सरसकट शुल्क लागलं. त्याच वर्षी जॉन डॉकिन्स या खात्याचे मंत्री झाले. त्यांनी न्यू साउथ वेल्सचे माजी मुख्यमंत्री नेव्हिल रॅन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या कामात ब्रूस चॅपमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ सल्लागार होते. समितीचा अहवाल १९८८ मध्ये आला. पक्षात मोठी भांडणं झाली, विद्यार्थी रस्त्यावर आले, पण १९८९ मध्ये योजना लागू झाली. तिचं नाव होतं ‘उच्च शिक्षण अंशदान योजना’. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘हेक्स’ म्हणतात. नावात ‘फी’ हा शब्द येऊ दिला नाही, हेही लक्षात घ्या.

यंत्र कसं चालायचं?

योजना अशी होती. पूर्ण वेळ शिकणाऱ्या प्रत्येकावर वर्षाला १८०० डॉलर, विषय कुठलाही असो. ही रक्कम सरासरी खर्चाच्या साधारण पाचव्या भागाइतकी होती. बाकीचा खर्च सरकारच करत राहिलं. ज्याला प्रवेशाच्या वेळीच पैसे भरायचेत त्याला १५ टक्के सूट. ज्याच्याकडे नाहीत त्याने एक फॉर्म भरायचा, आपला करदाता क्रमांक लिहायचा आणि वर्गात जाऊन बसायचं. तारण नाही, जामीनदार नाही, वडिलांचा दाखला नाही.

फेड कधी सुरू होणार? स्वतःचं वार्षिक उत्पन्न २२,००० डॉलरच्या वर गेलं की. हा आकडा साधारण सरासरी पगाराएवढा होता. त्याखाली शून्य. त्यावर आधी उत्पन्नाच्या १ टक्का, आणि पगार वाढेल तसे २ आणि ३ टक्के. पगारातून प्राप्तिकर कापतात तशीच ही रक्कम कापायची. नोकरी सुटली की कपात थांबायची. बाळंतपणासाठी घरी बसलं की थांबायची. मूळ रक्कम फिटली की कायमची बंद. कर्जावर खरं व्याज नाही, फक्त महागाईइतकी वाढ. आणि माणूस गेला तर बाकी त्याच्याबरोबर संपते, आईवडिलांकडे किंवा मुलांकडे जात नाही.

मघाशी उचलीबद्दल जे तीन प्रश्न विचारले होते त्यांची उत्तरं इथे आली. कमाई झाली नाही तर भरायचं नाही. बाकी मूळ रकमेपलीकडे वाढत नाही, महागाई सोडली तर. आणि ती वारसांवर जात नाही. येलचे दोन्ही धडेही घेतले गेले : वसुली कर खात्याकडे, आणि न फिटणाऱ्या कर्जाचा भार सरकारी तिजोरीवर.

थोडक्यात, या योजनेचा गाभा पैशापेक्षा जोखमीत आहे. शिकून आयुष्य नीट लागलं नाही, आजारपण आलं, मंदी आली, घर सांभाळावं लागलं, तर त्याची जोखीम कोण घेणार? साध्या कर्जात ती विद्यार्थी आणि त्याचं घर घेतं. इथे ती समाज घेतो. जे कर्ज कधीच फिटत नाही तीही खरं तर सरकारने शिक्षणाला दिलेली मदतच असते. फक्त ती आधी सगळ्यांना सारखी न वाटता, नंतर ज्यांना गरज पडली त्यांना मिळते.

परिणाम काय झाला? १९८८ मध्ये तिथे सुमारे ४ लाख २० हजार विद्यार्थी होते, १९९६ मध्ये ६ लाख ३० हजारांच्या वर गेले. गरीब घरातल्या मुलांचं प्रमाण कोसळेल ही भीती खरी ठरली नाही. पण ते फारसं वाढलंही नाही, हेही सांगायला हवं. जागा वाढल्या, सगळेच वाढले, वाटे साधारण तेच राहिले. व्हिटलम यांच्या मोफत शिक्षणाने जे झालं नव्हतं ते कर्जानेही झालं नाही. गाळणी अजून शाळेतच होती.

किल्ली कोणाच्या हातात?

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. आता पुढचा भाग ऐका, माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे.

या यंत्राला काही किल्ल्या आहेत : रक्कम किती, कितव्या डॉलरपासून वसुली, किती टक्के, आणि दरवर्षी बाकी किती वाढणार. यातली कुठलीही किल्ली सरकार एका अर्थसंकल्पात फिरवू शकतं. एकदा यंत्र उभं राहिलं की फिरवायचा मोह होतोच.

१९९६ मध्ये जॉन हॉवर्ड यांचं सरकार आलं. १९९७ पासून एका रकमेच्या जागी विषयांप्रमाणे तीन पट्ट्या आल्या : ३३००, ४७०० आणि ५५०० डॉलर. वसुलीची मर्यादा वाढायच्या ऐवजी खाली आली, २८,४९५ वरून २०,७०१ डॉलरवर. म्हणजे सरासरी पगाराला पोचलेल्याकडून घ्यायचं हे मूळ तत्त्वच गेलं. २००५ पासून विद्यापीठांना रक्कम २५ टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा मिळाली. २०१९-२० मध्ये मर्यादा पुन्हा ५१,९५७ वरून ४५,८८१ वर आणली. २०२१ मध्ये इतिहासासारख्या विषयांची रक्कम दुपटीहून अधिक वाढवून वर्षाला साधारण १४,५०० डॉलर केली. नर्सिंग आणि शिक्षकी पेशाची कमी केली. मुलांनी ‘कामाचे’ विषय घ्यावेत हा हेतू. पण गंमत अशी की, पैसे नंतर भरायचे असल्यामुळे किमतीकडे बघून विषय निवडणारी मुलं थोडीच. त्यामुळे विषय बदलले नाहीत, फक्त कर्ज वाढलं.

आणि २०२३ मध्ये ‘फक्त महागाईइतकी वाढ’ ही निरुपद्रवी वाटणारी अटच अंगाशी आली. महागाई भडकली आणि त्या जूनमध्ये सगळ्यांची बाकी एकदम ७.१ टक्क्यांनी वाढली. वर्षभर पगारातून पैसे कापले गेले होते, तरी वर्षअखेरीस बाकी आधीपेक्षा जास्त, असं अनेकांचं झालं. एवढा गाजावाजा झाला की सरकारला नियम बदलावा लागला : महागाईचा दर आणि पगारवाढीचा दर यातला जो कमी तो लावायचा, आणि तोही मागच्या तारखेपासून. पुढे २०२५ मध्ये अल्बानीझी सरकारने सुमारे ३० लाख लोकांची बाकी सरसकट २० टक्क्यांनी कमी केली आणि वसुलीची मर्यादा ६७,००० डॉलरवर नेली.

म्हणजे तीस-पस्तीस वर्षांत किल्ली आधी एका दिशेने फिरत गेली, मग लोकांनी मतपेटीतून ती थोडी परत फिरवून घेतली. अठराव्या वर्षी फॉर्म भरणाऱ्याने ज्या अटींवर सही केली, त्या चाळिसाव्या वर्षी त्याच असतील याची खात्री नाही. बँकेबरोबरचा करार बँकेला एकतर्फी बदलता येत नाही. सरकारला येतो.

इंग्लंडमध्ये काय झालं?

इंग्लंडचा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण आपण सुरुवातीला जो प्रश्न विचारला, ‘उत्पन्न कोणाचं?’, तो तिथे स्पष्ट दिसतो. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने १९९८ मध्ये वर्षाला १००० पौंड फी लावली. ती आधी भरायची, आणि किती भरायची ते आईवडिलांच्या उत्पन्नावर. आपल्या दाखल्यासारखंच. २००६ पासून फी ३००० पौंडांपर्यंत नेली, पण आधी भरायची अट काढली आणि फेड पदवीधराच्या स्वतःच्या उत्पन्नावर ठेवली. हे विधेयक जानेवारी २००४ मध्ये अवघ्या ५ मतांनी पुढे सरकलं.

मग २०१० ची मंदीनंतरची काटकसर आली. डिसेंबरात संसदेत मतदान होऊन २०१२ पासून फी ९००० पौंडांपर्यंत गेली. २१,००० पौंडांवरच्या उत्पन्नाच्या ९ टक्के फेड, ३० वर्षांनी उरलेलं माफ. ऑस्ट्रेलियात कर्ज हे सरकारी अनुदानाच्या जोडीला आलं होतं. इंग्लंडने तेच कर्ज अनुदानाच्या जागी आणलं. कला-सामाजिक शास्त्रांच्या शिकवण्याचं अनुदान तर जवळपास संपवलं. २१,००० ची मर्यादा पगारांबरोबर वाढवू, असं सांगितलं होतं. २०१५ मध्ये ती गोठवायचा निर्णय झाला. ओरड झाल्यावर २०१८ मध्ये ती २५,००० केली. २०२३ पासूनच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी माफीची मुदत ३० वरून ४० वर्षांवर गेली. बावीस वर्षांचा मुलगा आता बासष्ट वर्षांचा होईपर्यंत.

यात हिशेबाचीही एक युक्ती होती. अनुदान दिलं तर ते खर्चात दिसतं, कर्ज दिलं तर ते येणं म्हणून दिसतं. त्यातलं बरंच परत येणार नाही हे माहीत असूनही तुटीच्या आकड्यात ते दिसत नव्हतं. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने ठरवलं की न फिटणारा भाग सुरुवातीलाच खर्च म्हणून दाखवावा लागेल. तेव्हा सार्वजनिक खर्च संपला नव्हता, फक्त झाकला गेला होता, हे उघड झालं.

आपल्याकडे

मग महाराष्ट्रात आपण कुठे आहोत? १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, फीही वाढली. २००१ मध्ये देशभरच्या बँकांसाठी शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली. अभ्यासक्रम संपल्यावर ठरावीक काळाने हप्ता सुरू, आईवडील सहकर्जदार, मोठ्या रकमेला तारण. २००९ पासून शिक्षण चालू असतानाच्या व्याजाला केंद्र सरकार अनुदान देतं, तेही कुटुंबाचं उत्पन्न बघून. २०२४ मध्ये महाराष्ट्राने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगला निर्णय आहे. पण इथेही मोजमाप तेच : कुटुंबाचं, मागच्या वर्षाचं.

एक हिशेब करून बघा. ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता साधारण साडेदहा हजार रुपये येतो. पहिली नोकरी पंधरा हजारांची लागली तर? हप्ता बदलत नाही. नोकरी लागलीच नाही तर? तरीही बदलत नाही, वसुलीचा फोन वडिलांना जातो. आणि गंमत म्हणजे, मेलबर्नच्या एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांकडे बघा. एक तिथला नागरिक, त्याचं कर्ज त्याच्या करदाता क्रमांकाला चिकटलेलं. दुसरा पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेला. परदेशी विद्यार्थ्याला ती योजना लागू नाही, त्याला पूर्ण फी, आणि तिच्यासाठी इथल्या बँकेकडे घर तारण. अभ्यास तोच, परीक्षा तीच. नापास झालं किंवा नोकरी हुकली तर घर फक्त एकाचं जाणार.

तुम्ही विचाराल, मग आपणही तसंच का करत नाही? व्याख्यानांनंतर हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधीच सांगतो. ते यंत्र कर खात्यावर चालतं. आपल्याकडे १४० कोटींच्या देशात विवरणपत्र भरणारे आठ-नऊ कोटींच्या आसपास, त्यातल्या अनेकांचा कर शून्य. शेतीचं उत्पन्न करमुक्त, रोखीचे धंदे अफाट. अशा ठिकाणी ज्याचा पगार बँकेत जमा होतो तोच फेडणार आणि ज्याचं उत्पन्न दिसत नाही तो सुटणार. येलचंच पुन्हा होईल. परदेशी गेलेल्यांचं काय हा प्रश्न आहेच. ऑस्ट्रेलियालाही देशाबाहेर राहणाऱ्या कर्जदारांकडून वसुलीचा नियम २०१७ मध्ये लागू करावा लागला.

पण कर खात्याची अडचण खरी असली तरी तिच्यामागे लपायचं कारण नाही. हप्ता पगाराच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे जाऊ नये, नोकरी नसताना वसुली थांबावी, कर्जदार गेला तर बाकी आईवडिलांच्या गळ्यात पडू नये, या तीन गोष्टी परिपूर्ण यंत्र नसतानाही मागता येतात. आणि ज्यांनी इंग्लंडचा दाखला देऊन ‘आता अनुदान बंद करा, कर्ज द्या’ असं म्हटलं, त्यांना तिथला पुढचा इतिहासही विचारता येतो.

शेवटी मला एवढंच सांगायचंय. उत्पन्नाधारित कर्जाची कल्पना चांगली आहे, कारण ती शिकणाऱ्याला म्हणते, तुझं नीट नाही झालं तर आम्ही बघून घेऊ. पण हे वचन कुठल्या बाँडपेपरवर लिहिलेलं नसतं, ते एका आकड्यात असतं : २२,०००, २१,०००, ६७,०००. तो आकडा ज्याच्या हातात, वचन त्याच्या हातात. म्हणून उद्या आपल्याकडे कोणी अशी योजना आणली, आणि कधीतरी आणतीलच, तर व्याजदर विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा. वसुली कितव्या रुपयापासून सुरू होणार? आणि तो आकडा बदलायचा अधिकार कोणाला, आमच्या मुलांच्या सहीनंतरसुद्धा?

फुल्यांनी आयोगापुढे मांडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या हातात अजूनही वडिलांचाच दाखला आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.